तीसच्या वर नाही

"तीसच्या वर नाही," असं म्हणत काका एक डोळा मिटायचे आणि तळहात हवेत तिरका धरून समोरचा उतार मोजायचे. उतार डोंगराचाच हवा असं काही नव्हतं. दुकानापुढचं पार्किंग, शेजाऱ्याचं छप्पर, काहीही चालायचं. एकदा त्यांनी माझ्या लग्नाच्या फोटोतला फेटाही मोजला. "पंचेचाळीस. हा घसरणार बाप्पा." फेटा घसरला होताच. फोटो त्याच्या दोन मिनिटं आधीचा होता, एवढंच.

मोजल्याशिवाय पाऊल न टाकणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो आणि त्यांच्याच मागून चालतो. मी दोन्ही केलं. शिवाय तिसरंही एक केलं, ते पुढे सांगतो.

सॉल्ट लेक सिटीत आम्ही दोघं एकाच कचेरीत रस्त्यांची डिझाईन्स करायचो. काका मूळचे अकोल्याचे. "आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा पूल," असं स्वतःच सांगायचे. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर स्की शिकला, तो मुलीसाठी. अनु इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. वॉशिंग्टन राज्यात लोकांना बर्फाच्या डोंगरांवर घेऊन जाणं हाच तिचा धंदा. काकू गेल्यानंतर तिचं घरी येणं आटलं. दिवाळीला फोन यायचा, "हाय बाबा, आय'म गुड." पोरगी अनारशांसाठी येणार नाही, बर्फासाठी कदाचित येईल, हे काकांनी ओळखलं.

लिफ्टने वर जाऊन घसरत खाली येतात, ते हे स्कीइंग नव्हे. यात स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून आपल्या पायांनी डोंगर चढायचा आणि वर गेल्यावर पट्ट्या काढून उतरायचं. तिथे ना दोर, ना पहारेकरी. बर्फाचा थर सुटला तर माणूस आत गाडला जातो. तीस अंशांच्या आत तो सहसा सुटत नाही, म्हणून काकांचा नियम होता की पायाखालचा उतार तीसच्या आत हवा आणि डोक्यावरचाही.

मी सातारचा. सगळे किल्ले पालथे घातल्याचा तोरा घेऊन त्यांच्याबरोबर पहिल्यांदा निघालो आणि पार्किंगमध्येच आडवा झालो. चालताना नव्हे, उभ्या उभ्या.

"शून्य अंशावर पडलास!" काका म्हणाले. "यार, हे मी पहिल्यांदा पाहिलं."

अनु लागोपाठ दोन हिवाळे आली. काकांनी निवडलेल्या वाटांची यादी पाहून ती हसली. "बाबा, दॅट्स नॉट अ टूर. दॅट्स अ पार्किंग लॉट विथ ट्रीज." मग मित्रांबरोबर वरच्या शिखरांकडे निघून गेली. काका गाडीत बसून दुर्बिणीतून बघत राहिले. त्यांच्या शेजारी मी दशम्या खात होतो. "तो लाल ठिपका अनुचा," ते म्हणायचे. मलाही तो दिसायचा, दोनदा तर दोन वेगवेगळ्या डोंगरांवर दिसला.

तिसऱ्या हिवाळ्याआधी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात. औषधाची गोळी घेतली की तीन-साडेतीन तास पाय ऐकायचे, मग ऐकेनासे व्हायचे. स्की करायची असेल तर याच वर्षी, असं डॉक्टरांनी सांगितलं. अनुला ते कळवल्यावर तिचा फोन आला. फेब्रुवारीत ती दोन दिवस येणार होती. या खेपेला मित्र नव्हते.

आता काकांना अशी वाट हवी होती, जी त्यांच्या पायांना झेपेल आणि तिला पार्किंग वाटणार नाही. जेवणाच्या सुट्टीत ते नकाशा पसरून बसायचे. नकाशावरच्या उंचीच्या रेषा जितक्या जवळ, तितका उतार उभा. त्यांच्याकडे एक पारदर्शक पट्टी होती. ती रेषांवर ठेवली की उताराचे अंश कळायचे. थरथरत्या हाताने पट्टी ठेवायची, ती हलायची, पुन्हा ठेवायची.

त्या नकाशावर मी चहा सांडला. पूर्ण कप.

काकांनी फक्त रुमाल काढून रेषा टिपल्या. ते मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी तसलाच नकाशा पैदा केला, त्यांना हवा होता तेवढा भाग फोटोकॉपी मशीनवर ठेवला आणि रेषा नीट दिसाव्यात म्हणून दुप्पट मोठा करून दिला. कडा कापल्या, वर प्लास्टिक चढवलं. स्वतःवर इतका खूश मी नोकरी लागली तेव्हाही नव्हतो.

आठवड्याभरात काका माझ्या टेबलाशी आले. "सापडली. जंगलातून चढ, वर मोकळं मैदान, तिथून पलीकडचं अख्खं खोरं दिसतं. आणि उतार किती, सांग?"

"किती?"

"वीस!" हात थरथरत होता, पण चेहरा पहिल्यांदा बोटीवर बसलेल्या पोरासारखा झाला होता.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं निघालो. देवदारांमधून वाट संथ चढत होती. अनु पुढे धावली नाही. काकांच्या मागे, त्यांच्या चालीने चालत राहिली. तिने आईच्या वरणफळांची आठवण काढली. काकांनी कृती सांगितली, ती चुकीची असावी, पण तिने दोनदा विचारून घेतली. मी मागे होतो आणि त्या दिवशी एकदाही पडलो नाही.

झाडं संपली आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली.

अनुने स्कीची काठी बर्फावर आडवी टाकली आणि तिच्यावर कोन मोजायचं यंत्र ठेवलं. "बाबा, धिस इज थर्टी-सिक्स."

काकांनी नकाशा काढला. बराच वेळ त्यावर अंगठा फिरवला. मला मशीनवरचं ते बटण आठवलं. रेषांमधलं अंतर दुप्पट, म्हणजे सगळे डोंगर निम्मे उभे! छत्तीसचे मी वीस करून दिले होते.

"चुकलं," काका म्हणाले. "माझंच चुकलं. परत फिरायचं."

दुसरी वाट शोधायला वेळ नव्हता, त्यांची गोळी उतरत आली होती. खाली येताना शेवटचा अर्धा मैल अनुने त्यांना धरून आणलं. गाडीशी थर्मासमधला चहा ओतता ओतता ती म्हणाली, "इट वॉज अ नाइस वॉक, बाबा."

वॉक. टूर नव्हे. काकांनी तो शब्द ऐकला. मीही ऐकला.

दुसऱ्या दिवशी वादळ आलं आणि संध्याकाळच्या विमानाने अनु गेली.

सोमवारी मी कबूल केलं. "काका, कॉपी मी दुप्पट केली होती."

"माहीत आहे." ते पेन्सिलीला टोक करत होते. "नकाशावरचा चौकोन एक मैलाचा असतो, रे. तो पट्टीने मोजला असता तर दुप्पट भरला असता, तिथेच कळलं असतं. दर वेळी मोजतो मी."

"मग?"

"वीस आलं ना. अनु येणार होती. म्हणून नाही मोजला."

पुढच्या हिवाळ्यात त्यांना बूटही चढवता येईना. त्यानंतरच्या वर्षी ते केअर होममध्ये गेले. मी शनिवारी जायचो. तिथल्या पलंगाच्या कठड्यात एक छोटी नळी होती. डोक्याकडची बाजू उचलली की नळीतली गोळी सरकायची आणि कोन दाखवायची. नर्स भरवायला आली की पंचेचाळीसवर न्यायची, घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. काका कठडा धरून पुटपुटायचे, "तीसच्या वर नाही."

"व्हॉट इज ही सेइंग?" तिने एकदा मला विचारलं.

"ही थिंक्स इट्स टू स्टीप," मी म्हणालो.

ती हसली. पलंग पंचेचाळीसवरच राहिला.

अनु फोन करायची. रिसीव्हर मी त्यांच्या कानाशी धरायचो. शेवटी शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं. ती पलीकडून सीझनचा बर्फ कसा आहे ते सांगत राहायची आणि काकांचा तळहात चादरीवर हळूहळू तिरका व्हायचा.

मार्चमधल्या एका शनिवारी गेलो तर खोलीत कोणी नव्हतं. चादर नवी, ताणून बसवलेली. पलंग सपाट केला होता. मी वाकून कठड्यातली नळी पाहिली. गोळी शून्यावर होती.