साहेबांची कबर

ऑडिटमधला माणूस आहे मी. पुराव्याशिवाय हा देवालाही हात जोडणार नाही, असं बायको म्हणते. या ग्रुपवर तुमच्या भुतांची मी यथेच्छ थट्टा केलीय... आज माझी पाळी.

आम्ही सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये राहतो. गेल्या वर्षी बाबा पुण्याहून आले होते. भारतीय नौदलातून निवृत्त. त्यांना ना मॉल बघायचे होते ना गार्डन्स — फक्त त्यांच्या साहेबांची कबर.

साहेब ब्रिटिश. महायुद्धात लढलेले, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं आपल्या नौदलात राहून नव्या पोरांना शिकवणारे. बाबा तेव्हा साताऱ्याकडून आलेले, पाण्याला भिणारे. पोहण्याच्या परीक्षेत नापास झाले तर थेट घरी! साहेब ड्युटी संपल्यावर स्वतः त्यांच्यासोबत पाण्यात उतरायचे. "हात सोडणार नाही म्हणाले, आणि सोडला नाही," बाबा सांगायचे. पुढे साहेब सिंगापूरच्या गोदीत नोकरीला आले आणि इथेच वारले. मूलबाळ नव्हतं.

"एक सॅल्यूट ठोकायचाय रे, बास."

"पुढच्या शनिवारी नक्की, बाबा."

कधी ऑफिसात हिशेबांचं क्लोजिंग, कधी लेकीचं ट्यूशन... व्हिसा संपला, बाबा परत गेले. दिवाळीआधी झोपेतच गेले.

मला चैन पडेना. गेल्या महिन्यात एकटाच चोआ चू कांगच्या दफनभूमीत गेलो. तिथल्या ऑफिसातल्या चिनी आंटीने कॉम्प्युटरवर पाहिलं — कबर नाही! इथे जागा कमी, म्हणून पंधरा वर्षांनी कबरी उकरतात. वारस कोणी आला नाही, तेव्हा साहेबांच्या अस्थी समुद्रात सोडल्या. बाबा इथे होते तेव्हा मात्र कबर जागेवर होती.

मला रडूच फुटलं. मोबाइलवर बाबांचा फोटो दाखवत म्हणालो, यांना यायचं होतं हो.

"आय्या, धिस अंकल केम ऑलरेडी लाह! लास्ट वीक."

मी म्हणालो, ते वारलेत. तिने फोटो पुन्हा पाहिला, होकारार्थी मान डोलावली. हेच अंकल. समुद्राचं ऐकल्यावर त्यांनी उभ्या उभ्या सॅल्यूट केला म्हणे. एवढ्या उन्हात एकटे का आलात, असंही तिने विचारलं होतं.

"ही से, सन व्हेरी बिझी. गुड बॉय. डोन्ट स्कोल्ड हिम."

तिची गफलत झाली असेल. म्हातारी माणसं सारखीच दिसतात, हे मी स्वतःला रोज सांगतो. पुरावा नाही, स्पष्टीकरणही नाही. पण बाबा, एकदा तरी रागवायचं होतं हो माझ्यावर.