गळक्या गाड्यांचा मिस्त्री

गाडीच्या टपावर मूठ आपटून मिस्त्री ओरडायचा, "दिसायलंय का?" आतून बायकोचा दबलेला आवाज यायचा, "थांबा जरा." मग तो आमच्याकडे वळायचा. "बघा, आरामात बसल्यात राणीसाहेब!"

देवगाव फाट्यावर माझ्या चहाच्या हॉटेलाला लागूनच त्याचं पत्र्याचं शेड होतं. तुमची जुनी गाडी पावसात गळत असती, पायाखालची मॅट कुबट वास मारत असती, तर लोकांनी तुम्हाला त्याच्याकडेच धाडलं असतं. गाडीत पाणी शिरतं एकीकडून आणि साचतं भलतीकडेच. म्हणून एकानं बाहेरून पाइपनं पाणी मारायचं, दुसऱ्यानं आत बसून बॅटरीच्या उजेडात थेंब कुठून येतो ते बघायचं. मिस्त्रीचं पोट सुटलेलं, डॅशबोर्डखाली मान जायची नाही. त्यामुळे आत बसायची बायको. काचा बंद, आणि दारांचं आतलं अस्तर उचकटलेलं, त्यामुळे आतून दार उघडायची सोय नसायची.

एकदा भर उन्हाळ्यात येलदरीहून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. थेंब काही सापडेना. आतून तिनं काचेवर थापा मारल्या. "जीव घाबरायलाय, दार उघडा!"

"सापडल्याबिगर न्हाई," म्हणत त्यानं पाइप खाली टाकला आणि माझ्याकडे येऊन चहा मागितला.

गृहस्थ आधी कसनुसे हसले. मग म्हणाले, "अहो, आत बाई आहे."

"बाई न्हाई, बायको हाय," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतून फुंकर मारत बसला.

शेवटी गृहस्थांनीच उठून दार उघडलं. ती बाहेर आली तेव्हा केस कपाळाला चिकटले होते, ओठ पांढरे पडले होते. टायरला टेकून बसली आणि म्हणाली, "म्होरच्या काचेच्या खाली, डाव्या अंगाला. कडुलिंबाचा पाला अडकलाय, पाण्याला वाट न्हाई."

"मी मघाशीच म्हणलो हुतो," मिस्त्री म्हणाला. पाला निघाला, गळती थांबली, नाव त्याचं झालं.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यापासून दुरुस्त केलेल्या गाड्या परत यायला लागल्या. ती सांगायची मागच्या दिव्याचं रबर, तो तिथं फट बुजवायचं सिलेंट भरायचा, आणि पुढच्या पावसात गाडीत पुन्हा तेवढंच पाणी. गिऱ्हाइकं त्याला शिव्या घालायची, तो तिला घालायचा. "डोळे गेले का गं तुझे?" ती बॅटरी घेऊन पुढच्या गाडीत शिरायची.

सेलूचे एक मास्तर वैतागून पुन्हा आले, त्या दिवशी तो कसाबसा स्वतःच आत शिरला. पाइप तिच्या हातात दिला. तिनं याही गाडीला मागचा दिवाच सांगितला होता; पुढच्या काचेचा कोपरा भिजला मात्र, पाणी सरळ त्याच्या कपाळावर पडलं. तो बाहेर आला. आता मारणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. त्यानं हात उचलला नाही.

"कवापासून?" एवढंच त्यानं विचारलं.

"तुमी मला आत ठेवून चहा प्यायला गेलाव, तवापासून."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला एसटीत बसवून बोरीला तिच्या भावाकडे धाडून दिलं. फाट्यावर सांगत सुटला, "आंधळी झाली." पण मग आत बसायला कुणी राहिलं नाही. पाणी मारून तो धापा टाकत गाडीत शिरेपर्यंत थेंब निसटलेला असायचा. हळूहळू गाड्या यायच्याच बंद झाल्या.

एकदा त्यानं मला विचारलं, "बोरीकडचं कुणी येतंय का रे तुझ्याकडं?"

"येतात की."

"ती काही म्हणती का?"

"नाही."

"म्हणायची बी न्हाई," तो म्हणाला आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेला.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात जायला तयार होईना. एका सकाळी चहा घेऊन गेलो तर तो बाजेवर गार पडला होता. तिच्या भावाचा फोन लागेना, म्हणून मोटारसायकलवर मीच बोरी गाठली. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"वहिनी, मिस्त्री गेले."

तिचे हात थांबले. "जवळ कोण हुतं?"

"कुणी नाही. रात्री तुमच्या नावानं हाका मारत होते म्हणे. फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं ऐकल्या."

"मारल्या असतील," ती म्हणाली. "हाक मारायला दुसरं कोण हुतं त्यांना?"

"माती द्यायचं थांबवलंय. तुम्ही येताय ना?"

तिनं मांडीवरची टरफलं गोळा करून अंगणात टाकली. "तुमीच देऊन टाका. इतक्या लांबून आलाव, जेवून जा भाऊजी."

मी उभाच राहिलो. ती आत गेली. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, आणि आतूनच तिनं विचारलं, "तिखट चालतं न्हवं तुमाला?"