धाकटीच्या बॅगेची ट्रायल

बॅगवाल्या मावशी पळून जाणार, ही बातमी आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून खाली आली. तिसऱ्या मजल्यावर दुर्बीणकाकू राहतात. खिडकीत बसून त्यांना जे दिसतं ते दुर्बिणीलाही दिसायचं नाही, म्हणून हे नाव. काकूंचं म्हणणं असं, की मावशी रोज संध्याकाळी एक निळी, गच्च भरलेली बॅग पाठीला लावून खोलीबाहेर पडतात, जिना उतरून थेट फाटकापर्यंत जातात, तिथं जरा थांबतात आणि हळूहळू परत वर येतात.

"निघायचं धाडस होत नाही हो बिचारीचं," काकू म्हणाल्या. "आणि तो मेला बाहेर ताटकळत असणार."

तो मेला कोण, यावर इमारतीत दोन-तीन दिवस चांगले गेले. पन्नाशी उलटलेल्या, केसांत सुईदोरा खोचून फिरणाऱ्या बाईसाठी ताटकळणारा पुरुष कसा दिसत असेल, हे बघायला लोक कचरा टाकायच्या निमित्ताने फाटकापर्यंत जाऊन आले. एरवी त्यांच्यातल्या काहींना कचरापेटी कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं.

'तो मेला' असा कुणी नव्हताच. बॅगेत जुन्या चादरीत गुंडाळलेल्या विटा होत्या. मावशी तळमजल्यावरच्या चिंचोळ्या दुकानात प्रवासाच्या बॅगा दुरुस्त करतात आणि त्यांचा एक नियम आहे: शिवलेली बॅग वजन टाकून चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. टेबलावर ठेवलेली कुठलीही बॅग शहाण्यासारखी वागते, तिचे गुण जिन्यात कळतात, असं त्या म्हणतात. पण इतर बॅगांची ट्रायल एका फेरीत उरकायची. या निळ्या बॅगेला रोज फिरवणं चाललं होतं, ते मावशींचा स्वतःचा दम वाढावा म्हणून. नॅशनल पार्कातल्या तळ्याकडे जाणारी वाट चढाची आहे, असं त्यांनी ऐकलं होतं. आणि निळी बॅग धाकटीची होती.

धाकटी म्हणजे मावशींची सख्खी बहीण. लग्न करून दुसऱ्या शहरात गेली, ती तिथलीच झाली. मावशी आईपाशी राहिल्या. आईचं दुखणं लांबलं, मावशींचं वय पुढे सरकलं, आणि आई गेली तेव्हा घरात एक खाट रिकामी झाली. रिकामी खाट बघवेना म्हणून मावशींनी दुकानात न मावणाऱ्या बॅगा तिच्यावर रचायला सुरुवात केली. आता रात्री कूस बदलली, की समोर कुणाचं तरी तुटलेलं बक्कल नाहीतर लोंबणारा पट्टा दिसतो. जगभर हिंडून आलेल्या बॅगांच्या सोबतीला झोपायचं, आणि आपण मात्र भाजीबाजाराच्या पलीकडे गेलेलो नाही! मावशी स्वतःच हे हसून सांगत. हसणारे कमी असले तर पुन्हा सांगत.

तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, पानगळीत आपण दोघीच कुठेतरी जाऊया. नॅशनल पार्कात जाऊ. नवरा नको, पोरं नको. नुसत्या गप्पा."

धाकटीला बोलायला काय लागतं! वाक्य बोलून ती कपडे वाळत घालायला गेली असेल. मावशींनी मात्र ते वाक्य धरून ठेवलं. पार्कातली दोन खाटांची लाकडी खोली ठरवली, शुक्रवार ते रविवार. जाड मोज्यांचे दोन जोड आणले, पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या. गिऱ्हाइकाची चेन बसवता बसवता विचारू लागल्या, "तुम्ही गेलाय का हो तिकडे? पानं खरंच इतकी लाल होतात?" कुणी हो म्हणालं की त्या दिवशी कामाला जरा जास्तच हुरूप येई.

पुढे, पळून जायची बातमी फुसकी निघाल्यावर, दुर्बीणकाकूंनी एकदा जिन्यात गाठून अंदाज घेतला.

"खोली केवढी आहे गं तिथली?"

"दोघींपुरती."

"तिसरी खाट लावून देत असतील की."

"खोली दोघींचीच आहे, काकू," मावशी म्हणाल्या, आणि विटा घेऊन वर चढल्या.

रविवारच्या फोनवर धाकटी आधी "हो गं" म्हणायची, मग "हो गं, बघू" म्हणायला लागली, आणि मग नुसतंच "बघू." मावशी मात्र तिथं पहाटे थंडी किती असेल, खिडकीकडची खाट कुणाची, हे सगळं समजावून सांगायच्या. खिडकीची खाट धाकटीला. तिला लहानपणी अंधाराची भीती वाटायची.

तेवढ्यात कुरिअरने ती निळी बॅग आली. मागोमाग धाकटीचा निरोप: "ताई, चेन गेलीय. करून ठेव, लागणार आहे."

लागणार आहे! मावशींना आणखी काय हवं होतं? 'बघू' नावाचं भूत त्यांच्या मानगुटीवरून उतरलं. जुनी चेन उसवून त्यांनी नवी, जाड दातांची चेन घातली. चेनवर सरकणारा रनर पक्कडीने दाबून बसवला, दातांवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवला, खांद्याचे पट्टे कुणी मागितलं नव्हतं तरी मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवले. एवढी मजबूत शिवण, की धाकटीला आत बसवून उचललं असतं तरी उसवली नसती. मग विटा भरल्या आणि जिना सुरू झाला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. काकू खिडकीत, बातमी गावभर.

निघायच्या आठवड्यात, बुधवारी, धाकटीचा फोन रविवारची वाट न बघता आला. मावशी दुकानात एका बॅगेची चाकं काढत होत्या. काकू दारातल्या स्टुलावर, स्वतःची धडधाकट पिशवी तपासून घ्यायला आलेल्या.

"ताई, झाली का बॅग?"

"कधीच! ट्रायलपण झाली."

"मग उद्या पाठवशील? परवापर्यंत मिळायला हवी."

"अगं, पाठवू कशाला? तू येतेच आहेस की परवा."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"ताई, मी बोलले नाही का तुला? शनिवारी आम्ही समुद्रावर चाललोय. ह्यांच्या ऑफिसातले सगळे आहेत. मला नाही जमायचं गं."

"नाही बोललीस."

"अगं, गडबडीत राहिलंच. पुढच्या वर्षी नक्की. रागावलीस?"

"छे. चेन चांगली बसलीय," मावशी म्हणाल्या. "जोरात ओढू नकोस म्हणजे झालं."

फोन ठेवून त्या पुन्हा चाकाकडे वळल्या. ते चाक निघालंच होतं, तरी पाना त्याच जागी फिरवत राहिल्या. काकूंनी स्वतःची पिशवी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"मग, शुक्रवारीच ना तुम्ही दोघी?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवारीच."

काकू उठून वर गेल्या. आणि नवल असं, की त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून खाली काहीच आलं नाही. ज्या बाईच्या पोटात बातमी जेवण होईपर्यंत टिकत नाही, ती मूग गिळून बसली.

गुरुवारी मावशी निळी बॅग घेऊन कुरिअरच्या दुकानात गेल्या. कुरिअरवाला चिकटपट्टी ओढून तयार होता. "द्या मावशी, उद्या पोचते." मावशींनी बॅग काउंटरवर ठेवली. चेन एकदा पूर्ण उघडली, एकदा लावली. लोण्यासारखी फिरली. त्यांनी बॅग उचलून परत खांद्याला लावली.

"काय झालं?"

"एक ट्रायल राहिलीय."

फाटकाशी काकू उभ्याच होत्या. बॅग परत आलेली बघून त्या दोन पावलं पुढे आल्या. मग, त्यांना न शोभणाऱ्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी येऊ का गं सोबत?"

मावशींना एकदम हो म्हणावंसं वाटलं. पण हो म्हणायचं तर आधी 'धाकटी येत नाहीये' हे म्हणावं लागलं असतं, आणि ते शब्द तोंडातून निघेनात.

"चढ आहे, काकू. तुमचे गुडघे?"

"ते मेले कधी धड नसतात!" काकू वर गेल्या आणि खरीखुरी दुर्बीण घेऊन आल्या, काकांच्या वेळची, एका काचेला ओरखडा असलेली. "मग ही तरी ने. आणि आल्यावर सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही."

शुक्रवारी दुपारी पार्काच्या फाटकावर पहारेकऱ्याने किल्ली काढली.

"खोली दोघींची आहे. दुसऱ्या बाई?"

"समुद्रावर गेल्यात," मावशी म्हणाल्या. पहारेकरी थट्टा समजून हसला, मग त्यांचं तोंड बघून थांबला.

स्वतःची बॅग खोलीत टाकून त्या धाकटीची निळी पाठीला लावून निघाल्या. आत दोन बाटल्या, दोन डबे, मोज्यांचे दोन्ही जोड. चढ लागला तेव्हा दम लागला नाही. विटांचा उपयोग झाला म्हणायचा. पानं खरोखरच इतकी लाल होती, की गिऱ्हाइकांनी कमीच सांगितलं होतं. तळ्याशी बसून त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. पलीकडच्या काठावर एक हरीण पाणी प्यायला उतरलं.

"ते बघ," मावशी म्हणाल्या.

बाजूला बॅग होती. वारा आला, तिच्यावर एक पिवळं पान पडलं. मावशींनी दुसरा डबा उघडला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग तोही संपवला.

संध्याकाळी खोलीत आल्यावर त्यांनी निळी बॅग झटकली आणि खिडकीकडच्या खाटेवर, उशीला टेकवून ठेवली. दिवा लावला. समोरच्या खाटेवर पुन्हा एक बॅगच. घरातलीच रचना, फक्त खिडकीबाहेर झाडं. त्यांना हसू आलं, पण सांगायला कुणी नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, बॅग आलीच नाही! उद्या सकाळी निघायचंय आम्हाला. कुरिअरवाला म्हणतो, माझ्या नावाचं काही आलेलंच नाही. कुठेय माझी बॅग?"

"इथं पार्कात, तुझ्या खाटेवर आहे," मावशी म्हणाल्या. "तुला नाही जमलं, तिला जमलं."