भावाचं लग्न ठरलं आणि मी घर सोडलं

आज दुपारी मी रहिमतपूरचं आमचं घर सोडून कराडला भाड्याच्या खोलीत राहायला आले. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, पहिल्यांदाच. माझं लग्न झालेलं नाही आणि घर सोडायचं कारणही तेच.

धाकट्या भावाला मुलगी पसंत पडली. तिच्या घरचे म्हणाले, थोरली नणंद कायमची घरात राहणार असेल तर आम्ही मुलगी देणार नाही. मग एकदा जेवताना वडील म्हणाले, "तुला नोकरी हाय, तुझं निभंल. त्याचं वय निघून चाललंय."

माझं कधी निघून गेलं, हे मी विचारलं नाही.

आज सोबत आई आली होती. तिनं खोली झाडली, गॅस जोडून चहा केला. मग म्हणाली, "लगीन हू दे त्याचं, मग ये की ऱ्हायला."

"किती दिवस राहू?" मी विचारलं.

आईनं कप विसळायला घेतले. "एसटी चुकंल गं माझी," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

वडिलांना रोज बीपीची गोळी मीच द्यायचे. आज आठवण करून द्यायला मघापासून फोन हातात घेऊन बसलेय, पण लावावासा वाटत नाही.

जिथं लहानाची मोठी झाले, त्या घरी पाहुणी म्हणून कसं जायचं असतं? तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?