कुरडया, केशरी सतरंजी आणि तेजूची परीक्षा

या, अशा जवळ सरका. तिकडं उंबऱ्यात काय बसलाय परक्यासारख्या? आणि मला आधी सांगा, एवढ्या वर्षांची ओळख आपली, तुमच्या गावात काही कानावर आलं तर मला येऊन विचारायचं की नाही? चक्कीवर उभं राहून दुसऱ्याकडून ऐकता होय! मग ऐका आता माझ्याच तोंडून. मी विमान पाडलेलं नाही.

पहिली गोष्ट, ते विमान नव्हतं. ड्रोन होता. उसावर औषध फवारतात तो, जेवणाच्या टेबलाएवढा, सहा पंख्यांचा. आणि दुसरी गोष्ट, तो पडला नाही. पडले ते मी!

पलूसच्या अलीकडं आमचं हे गाव म्हणजे निम्मं गाव आणि निम्मं कॉलेज. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच कॉलेजचं मैदान. माझी नात तेजू तिथंच शेतकीच्या शेवटच्या वर्षाला. पोरगी हुशार, पण तिच्या बापानं, म्हणजे आमच्या प्रकाशनं, तिला स्पष्ट सांगितलेलं, "यंदा नोकरी लागली तर ठीक. न्हाईतर शिराळ्याच्या पाहुण्यांना होकार कळवतो. लय दिवस थांबल्यात ती माणसं."

त्या दिवशी सांगलीच्या कुठल्याशा कंपनीच्या मॅडम येणार होत्या. तेजूनं सगळ्यांसमोर ड्रोन उडवायचा, कडेच्या उसावर नुसतं पाणी फवारायचं आणि तो बरोबर ठरलेल्या खुणेवर उतरवायचा. जमलं तर नोकरी, नाही जमलं तर शिराळा.

आदल्या दिवशी तेजू मला तीनदा म्हणाली, "आज्जी, उद्या तेवढं मैदानात येऊ नको."

मी तीनदा "बरं" म्हटलं. (बरं म्हणायला काय जातंय?)

आता माझी अडचण समजून घ्या. त्याच दिवशी माझ्या कुरडया होत्या. गहू तीन दिवस भिजलेले, चीक काढलेला, पहाटे चुलीवर शिजवलेला. शिजलेला चीक कुणासाठी थांबत नाही, मंत्र्यासाठीसुद्धा नाही. गार झाला की सोऱ्यातून खाली उतरत नाही, दोन माणसं लोंबकळली तरी! आणि आमच्या गच्चीवर ऊन म्हणाल तर औषधालासुद्धा उरलेलं नाही. शेजारच्या शांताक्कांनी कॉलेजच्या पोरींना भाड्यानं द्यायला तिसरा मजला चढवला आणि आमच्या गच्चीवर कायमची संध्याकाळ झाली. शांताक्का बाई चांगली. ऊन नेलं तिनं, पण कुरडया घालायला स्वतः येते.

तर सकाळी साडेसातला मी आणि शांताक्का, पातेलं, सोऱ्या आणि छत्री घेऊन भिंतीच्या खिंडारातून मैदानात. मांडव जरा पलीकडं, माणसंही तिकडंच. आणि आमच्या समोर बघते तर काय! जमिनीवर केशरी रंगाची, गोल, जाड, चकचकीत सतरंजी अंथरलेली. धुळीचा कण नाही. मधोमध पांढऱ्या रंगात इंग्रजी एच. आणि चहूबाजूंनी खुंट्या ठोकून दोरी बांधलेली!

"अक्का," मी म्हटलं, "बघा तरी. कॉलेजला किती काळजी! जनावरं शिरू नयेत म्हणून दोरी पण बांधलीया."

"व्हय की वो," शांताक्का म्हणाल्या. "पण ही कुणाची हो सतरंजी?"

"हॉस्टेलची आसंल. पोरी योगासनं करतात न्हवं त्यावर. आज सगळ्या तिकडं कार्यक्रमाला. तवर घालूया, वरनं सुकल्या की दहाच्या आत उचलूया."

तेवढ्यात कॉलेजचे शिपाई सदूभाऊ लांबून ओरडले, "काकी, आज मैदान बंद हाय!"

"मी कुठं मैदानात हाय? मी सतरंजीवर हाय!" मी ओरडले. त्यांना मांडवातनं दुसरी हाक आली आणि ते पळाले. इथं त्यांची चूक झाली, माझी नाही.

आम्ही मधल्या एचपासून सुरुवात केली आणि गोल गोल कडेपर्यंत कुरडया घातल्या. अशा देखण्या दिसत होत्या, काय सांगू! कावळ्यांसाठी कडेला काळी छत्री रोवली आणि दुसरा घाणा आणायला घरी आलो.

पातेल्यात उलथनं फिरवते न फिरवते तोच मागून घर्रर्र असा आवाज. शांताक्का म्हणाल्या, "कुणाचं मळणी मशीन आलं वो आत्ता?"

खिंडारातून डोकं घातलं. उसावर पाणी मारून ड्रोन वळला होता आणि सरळ आमच्याकडं येत होता. मांडवात टाळ्या. मलाही कौतुक वाटलं, मी पण वाजवली एक टाळी, उलथन्यासकट. मग तो खाली यायला लागला. कुठं, ते माझ्या लक्षात आलं, आणि मी धावले!

अहो, त्या सहा पंख्यांचा वारा म्हणजे वारा का तो! आधी छत्री गेली. ती मांडवाच्या दिशेनं अशी निघाली जशी तिला आमंत्रण होतं. मग कुरडया उठल्या. वरून वाळलेल्या, खालून ओल्या, म्हणजे उडायलाही तयार आणि चिकटायलाही तयार! एक प्राचार्यांच्या कोटावर बसली, बिल्ल्यासारखी. एक प्रकाशच्या चष्म्यावर. (बरंच झालं, पुढचं त्याला निम्मंच दिसलं.)

मी दोरीखालून आत शिरले आणि उलथनं उगारून ओरडले, "हाड! हाड हाड!"

माइकवरून तेजूचा आवाज आला, "आज्जी! बाजूला हो!"

"आधी त्याला बाजूला कर! माझ्या कुरडया हायत!"

"अगं आज्जी, त्याची बॅटरी संपत आलीय!"

"मग घरी जाऊन चार्जिंगला लाव की!"

ते यंत्र मोठं शहाणं. खाली माणूस दिसतंय म्हणून उतरेना, आणि दमलंय म्हणून वर जाईना. माझ्या डोक्यावर पुरुषभर उंचीवर थांबलं आणि टूं टूं करत राहिलं. वर टाकीत उरलेलं पाणी माझ्यावर शिंपडू लागलं. शांताक्का खिंडारातून मला धीर देत होत्या, "काकी, भिऊ नका वो! साधं पाणी हाय! आसंल बहुतेक!"

आमचे हे रिटायर सुभेदार. माजी सैनिक म्हणून पुढच्या खुर्चीवर बसलेले. ते ताडकन उठले आणि मैदान हादरेल अशा आवाजात ओरडले, "पोझिशन! लेट जाव!"

लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्यांचं एक मी ऐकलं असेल तर शपथ. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी ऐकलं! उलथन्यासकट आडवी झाले. उरलेल्या सगळ्या कुरडयांवर.

"आज्जी, आता हलू नको! अजिबात हलू नको!" तेजू ओरडली. मी डोळे मिटले. मनात एकच, पोरीची नोकरी गेली. शिराळ्याचे पाहुणे हळदीकुंकू घेऊन निघाले असणार. आणि हे सगळं कुणी केलं? जिनं तीनदा बरं म्हटलं तिनं!

डोळे उघडले तर ड्रोन माझ्यावरून हळूच सरकत होता. तेजूनं आपोआप उतरायचं बटण बंद केलं होतं आणि दोन्ही अंगठ्यांनी त्याला सावकाश ओढत नेत होती. दोरी आणि भिंतीच्या मधे खाटेएवढी जागा, तिथं तिनं तो असा अलगद ठेवला, जसं निजलेलं तान्हं ठेवतात. पंखे थांबले. मैदानात एवढी शांतता की माझ्या पाठीला चिकटलेल्या कुरडया सुटल्याचा आवाज ऐकू आला.

सांगलीच्या मॅडम चालत आल्या. मागं प्राचार्य, प्रकाश आणि पांढरीफटक पडलेली तेजू.

"या बाई कोण?" मॅडमनी विचारलं.

पोरगी "माहीत नाही" म्हणाली असती तरी मी तिला माफ केलं असतं. मीसुद्धा तेच म्हणणार होते.

"माझी आज्जी, मॅडम," तेजू म्हणाली आणि हात देऊन मला उठवलं. "लागलं का गं तुला?"

मॅडम प्राचार्यांकडं वळल्या. "हे तुम्ही परीक्षेत मुद्दाम ठेवलं होतं?"

"हो... म्हणजे... तसं पूर्णपणे नाही," प्राचार्य म्हणाले. कोटावरची कुरडई काढायची की ठेवायची, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

"खुणेवर तर यंत्र आपलं आपणच उतरतं," मॅडम म्हणाल्या. "त्यात कुणाची परीक्षा? ऐनवेळी काहीतरी मधे आलं, तेव्हा या मुलीचे हात थरथरले नाहीत. मला अशीच माणसं हवीत. एक तारखेपासून ये, तेजश्री."

मी तिथंच रडायला लागले. प्रकाशनं चष्मा पुसला (कुरडईसाठी, असं तो म्हणतो) आणि शिराळ्याला त्याच दिवशी नकाराचा फोन केला. तेजूच्या बापाला मी इतकी वर्षं सांगत होते पोरीला शिकू दे, तर ऐकत नव्हता. मी जमिनीवर आडवी पडले तेव्हा पटलं!

पुढं कंपनीचा कागद आला. तेजूनं मोठ्यानं वाचून दाखवला. 'चाचणीच्या वेळी उतरण्याच्या जागी अडथळा : एक ज्येष्ठ महिला.' आमचे हे खूश. गेली पन्नास वर्षं ते मला तोंडी अडथळा म्हणत होते, आता सहीशिक्क्याचा कागद हाती आला! फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय, त्यांच्या मेडलच्या शेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी तो दाखवतात, मग मेडल.

तर आता ऐकीव गोष्टींवर बसू नका. तेजू सांगलीला जायच्या आत एकदा चार दिवस सवडीनं राहायला या, तिलाही बरं वाटेल. आणि भिऊ नका हो. मी वाटेत आडवी येणार नाही, तसं कॉलेजनं माझ्याकडून लिहून घेतलंय. सही करताना मी म्हटलं, "बरं."