चौथी चौकट

नाव कोणाचंच टाकणार नाही. जिच्याबद्दल लिहायला बसले आहे तिनंच बजावलं, "लिही बाई, चित्रं नसन तं लिही. पण नाव नको टाकू. माझंही नको आन् त्याचंही नको." मग माझं तरी कशाला टाकू?

मी भंडाऱ्याची. घरी हातमाग आहे, कोशाच्या रेशमाचे दुपट्टे आणि साड्या विणतो. नवरा मागावरून उठला की चित्रं काढायला बसतो, आणि मी गोष्टी लिहिते. दोघं मिळून आम्ही सुपरहिरोची चित्रपुस्तकं काढतो. आमचा हिरो तलावात मासे धरणारा आहे. त्याचं जाळं फाटत नाही. पुलावरून कोसळणारी एसटी तो जाळ्यात झेलतो आणि गुंडांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आपटून आपटून मारतो. खांद्यावर आमच्याच मागावरचा लाल दुपट्टा. सगळे त्याला जाळेवाला म्हणतात.

नवरा स्वभावानं गाय आहे. पुस्तकातली मारामारी सगळी माझी. माझं डोकं लहानपणापासून गरम, आणि ते कुठंतरी ओतावं लागतं. कोणाचा दात पाडायचा, कोणाचा खांदा उखडायचा, हे मी भाजी चिरता चिरता ठरवते. नवरा ब्रश हातात धरून विचारतो, "इतकं मारायचं काय वो त्याले?" मी म्हणते, "एक लाथ राहिली आहे अजून. तुमी काढा गुपचूप."

पण मारामारी कितीही चांगली असली तरी घेतो कोण? बाजारात हिरोंची काय कमी आहे? स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडे गुळगुळीत कागदाची, परदेशी हिरोंची पुस्तकं दर्शनी टांगलेली, आणि आमचं पुस्तक शब्दकोड्यांच्या खाली दाबलेलं. शिवाय पोट्ट्यांच्या हातात मोबाईल, त्यात रोज एक नवा हिरो फुकटात उडत असतो. पुस्तकवाला म्हणाला, "वहिनी, तुमचा हिरो लंगोटीवर आहे. याले कोण पाहाते?" मी म्हटलं, "तुझ्या हिरोची चड्डी पँटवरून आहे, ते चालते काय रे?" तो हसला, पण पुस्तक कोड्यांच्या वर काही आलं नाही.

म्हणून आम्ही मंडईत निघालो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकी माहेरी येतात, दिवसा गावकऱ्यांची दंडार नाचते-गाते, रात्री नाटक होतं, आणि दुकानं तर विचारू नका. आम्ही चार बांबू ठोकून वर ताडपत्री टाकायचो. गर्दी जमावी म्हणून नवरा लाल दुपट्टा बांधून समोर उभा राहायचा, माझा दीर गुंड व्हायचा, आणि दोघं धुळीत लोळून खोटी खोटी मारामारी करायचे. लोक टाळ्या वाजवायचे, शिट्या मारायचे आणि जलेबी खायला निघून जायचे.

मग करडी गावच्या मंडईत एक हलवाई आमचं पुस्तक चाळता चाळता थांबला. पोट सुटलेला, मिशा वळवलेल्या. एका गुंडावर बोट ठेवून ओरडला, "अबे, हा तं मी हावो!" नवरा घाबरला. तसं काही त्यानं मुद्दाम काढलं नव्हतं. पण हलवाई रागावला नाही. त्यानं उरलेला सगळा गठ्ठा उचलला आणि पाहुण्यारावळ्यांना वाटत सुटला, "पाहा, जाळेवाल्यानं मले कसा धुतलन!" गावभर त्याचीच चर्चा.

तिथून आमचा रिवाज सुरू झाला. दुकानावर पाटी लावली: ज्याला जाळेवाल्याच्या हातचा मार खायचा असेल त्यानं यावं. बाप्पा, रांग लागली! नवरा समोर बसवून चेहरा काढायचा, मी विचारायची, "कोणता मार पाहिजे?" कोणी म्हणे दात पाडा, कोणी म्हणे झाडाला उलटं टांगा. एका गावचे सरपंच म्हणाले, "मले तलावात फेका जी, पण पक्कं फेका. वरवर नको." मार खाणाऱ्याचे सोयरेधायरे, दुश्मन, सगळे पुस्तक घ्यायचे. मोठ्या कंपन्यांचा हिरो जग वाचवतो. आमचा हिरो तुमच्या मामाला बदडतो. आता तुम्हीच सांगा, तुम्ही कोणतं घ्याल?

लाखांदूरच्या आठवडी बाजारात आमच्या शेजारी एक बाई मासे घेऊन बसायची. झिंगे, मरळ, जे तलावात सापडेल ते. माझ्याच वयाची, बोलणं कमी. एके दिवशी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ती सरकून माझ्याजवळ आली.

"बाई, माझ्या माणसाले मारता काय तुमच्या पुस्तकात?"

"मारू की. हौस आहे काय त्याले?"

"त्याले नाही," ती म्हणाली. "मले आहे."

तिनं डाव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या. मनगट वाकडं जुळलेलं होतं. "पाट्यावर आपटून मोडलन," ती म्हणाली. मग कानावर हात ठेवला. "याच्यातून ऐकू येत नाही. पाठ नाही दाखवत, बजार आहे." मोबाईलवर तिनं त्याचा फोटो दाखवला. चांगला उंचापुरा, हसरा माणूस.

माझं डोकं फिरलं. बसमध्येच लिहायला घेतलं. पहिल्या चौकटीत कान फोडला, दुसऱ्या चौकटीत पाठ सोलली, तिसऱ्या चौकटीत केसाला धरून अंगणभर ओढला. चौथ्या चौकटीत मनगट पाट्यावर ठेवलं आणि मोडलं. शेवटी दात हातात देऊन तलावात फेकला. तिला जिथं जिथं लागलं होतं तिथं तिथं, वर माझ्याकडून थोडं जास्त. लिहिताना जी मजा आली ती कधीच आली नव्हती.

नवरा म्हणाला, "त्याले विचारलं नाही आपण. बाकी सगळे आपल्या खुशीनं मार खाते."

मी म्हटलं, "तिले विचारलं होतं काय त्यानं?"

त्यानं ब्रश उचलला आणि चित्रं काढली. त्या वर्षातली त्याची सगळ्यात चांगली चित्रं ती.

तिच्या नवऱ्याच्या गावच्या मंडईत आम्ही तो अंक घेऊन गेलो. मनात म्हणत होते, आता तोंड लपवशील. गावभर छी थू होईल तुझी. दुपारी तो आला, चार दोस्त घेऊन, नवा शर्ट घालून. हात जोडून म्हणाला, "नमस्कार जी वहिनी! गजब केलं तुमी. दातही पाडले माझे!" आणि दोस्तांना दाखवू लागला, "पाहा बे, पूर्ण अंक माझाच आहे. हलवायाले तं एकच पान भेटलं होतं." सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्यानं चौथी चौकट उघडी धरून फोटो काढून घेतला.

आमचाच रिवाज आमच्या बोकांडी बसला. मार खाणं म्हणजे मान, हे आम्हीच या गावांना शिकवलं होतं. ती मागं टोपली घेऊन उभी होती. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "तुमी तं त्याले मोठा माणूस केलं, बाई."

पुढच्या बाजारात ती आली तेव्हा ओठ फाटलेला होता. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. "आता तो पान पाहून मारते. चौथी चौकट म्हणते आन् हात पिरगाळते. हासते वरून." शेजारीच तिचे मासे तडफडत होते. म्हटलं, पोलिसात चल, मी येते. ती म्हणाली, येईन, पण आधी एक काम कर. "एक अंक काढ. त्यात तुमचा जाळेवाला नको. मले सोडवाले कोणीच नको. मी पाहिजे. माझं तोंड नीट दिसलं पाहिजे."

नवऱ्यानं तिला बाजारातच समोर बसवून तिचा चेहरा काढला. अंक छोटा झाला, पानंच मोजकी. त्यात हिरो नाही, दुपट्टा नाही. ती एकटी त्याला जाळ्यात धरते, पाळीवरून फरफटत नेते आणि मारते. तिच्या माहेरच्या गावची मंडई हंगामातली शेवटची होती. तिथंच पहिल्यांदा विकायला ठेवा, असं ती म्हणाली.

तो बायकोसोबत सासरवाडीला आला होता, ऐटीत. दुकानावर येऊन त्यानं नवा अंक उचलला. दोस्तानं खांद्यावरून पाहिलं आणि खिदळला, "अबे, याले बायकोनं मारलन!" मग दुसरा हसला. मग पानठेल्यावरचे सगळे हसले. जाळेवाल्याच्या हातचा मार हा मान होता. बायकोच्या हातचा मार म्हणजे जन्मभराची चिडवणी.

त्यानं अंक टराटरा फाडला. ती तिथंच होती. त्यानं तिचं तेच वाकडं मनगट धरलं आणि पिरगाळलं. "चौथी चौकट," म्हणाला, अगदी हळू. तिच्या घशातून आवाज आला आणि ती गुडघ्यावर बसली. त्यानं कानशिलात मारली, मग केस धरले.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्या दुकानासमोर मारामारी होतच असते, लोकांना ठाऊक होतं. त्यांना वाटलं, या वर्षीचा खेळ जोरदार आहे. शिट्या झाल्या. मागच्यांना दिसावं म्हणून पुढचे खाली बसले. तिचे भाऊ त्या गर्दीतच होते, तिचाच अंक म्हणून तीच खेळ करते आहे असं समजून तेही हसत होते. मी किंचाळले, "खरं आहे हे! खरं मारून राहिला तो!" तर लोक आणखी हसले, एक जण म्हणाला, "बाई काम चांगलं करते." माझा नवरा मधे पडला तर त्याला एका धक्क्यात जमिनीवर पाडलं, आणि हिरो पडला म्हणून पोरं नाचली. इतका राग मला जन्मात आला नव्हता, आणि हातपाय मात्र जागचे हलेनात. इतक्या मारामाऱ्या लिहिलेली मी, दगड होऊन उभी.

तिनं उजवा हात मागं नेला. दुकानाचा बांबू तिच्या हाताशी आला. तिनं तो उपटला, तशी एका बाजूनं ताडपत्री खाली आली. पहिला फटका त्याच्या मनगटावर. आमच्या पुस्तकात हाड मोडलं की आम्ही पानभर अक्षरांत आवाज काढतो. खरं हाड मोडलं तेव्हा वाळली तुराटी मोडावी तेवढाच आवाज झाला. त्यानं केस सोडले. दुसरा फटका तोंडावर. रक्त आमच्या अंकांच्या गठ्ठ्यावर उडालं आणि दात माझ्या पायाशी येऊन पडला. टाळ्या वाजतच होत्या. तिसऱ्या फटक्याला तो आडवा झाला आणि आईला हाका मारायला लागला, तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या. चौथा फटका तिनं उगारला आणि मारला नाही. बांबू तसाच वर धरून उभी राहिली. भाऊ धावले. थोरल्यानं तिच्या पायाशी पडलेल्या बांगड्यांच्या काचा पाहिल्या, मग ते मनगट पाहिलं आणि मटकन खाली बसला.

त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ती माहेरीच राहिली. पोलिसात आम्ही सगळे गेलो, भाऊही आले. तो तिला न्यायला परत आला नाही. ती आता भावांबरोबर तलावावर जाते.

आणि इकडे पुस्तकवाल्यानं स्वतः फोन केला. "वहिनी, ते बांबूवालं पुस्तक कधी येते? लोकं विचारून राहिले." साकोली, सानगडी, लाखांदूर, जिथं जाऊ तिथं हेच. पुस्तकवाला तर परदेशी हिरो बाजूला सारून दर्शनी टांगतो म्हणाला. खोटं कशाला बोलू, त्या मंडईतून परतताना बसमध्येच माझ्या डोक्यात अख्खा अंक तयार झाला होता. दात कुठं पडला तेही.

ती बाजारात आली. म्हणाली, "छापू नका, बाई."

"काहून? सगळा जिल्हा वाचन."

"तेच तं. चौकटीत घातलं का कोणीतरी पान पाहून पुन्हा मारन. आन् लोकं पुन्हा टाळ्या वाजवन."

मी वाद घातला नाही. पुस्तकवाल्याला सांगितलं, येत नाही ते पुस्तक. तो म्हणाला, तुम्हाला धंदा समजत नाही. नसेल समजत. मंडईतली ती खोटी मारामारी आम्ही बंद केली. रांग अजून लागते, हलवाई दरवर्षी मार खातो. पण आता मी आधी मार खायला येणाऱ्याच्या घरच्या बाईला विचारते, आणि ती हसली तरच ब्रश उचलू देते.

नवऱ्यानं मात्र एकच चित्र काढलं होतं, न छापण्यासाठी. बांबू उगारून उभी असलेली ती, तो न मारलेला चौथा फटका. तिला द्यायला तो बाजारात घेऊन आला. तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि कितीतरी वेळ पाहिलं.

"चांगलं आहे जी," ती म्हणाली. "पण हात असा नव्हता माझा. थरथर कापून राहिला होता."

नवऱ्यानं खिशातून पेन्सिल काढली. आम्ही फटक्याचा जोर दाखवायला ज्या बारीक रेघा ओढतो, तशाच दोन-तीन रेघा त्यानं तिच्या मनगटाच्या दोन्ही बाजूंना ओढल्या. तिनं पुन्हा पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली. मग कागदाची घडी घालून पोलक्यात ठेवली आणि माशांवर पाणी शिंपडायला लागली.