मास्तर आणि गणपतची बरोबरी

बुद्धिबळात तोंड बंद ठेवायचं असतं. तरी आमच्या देऊळगाव राजाच्या क्लबात इतके किस्से कसे साठले, हे कोडं मला सुटलेलं नाही! क्लब म्हणजे वाचनालयाची मागची खोली आणि चार सतरंज्या.

*

पहिला पट आम्ही जालन्याहून आणला. तेव्हा आमच्या गावाचा कारभार नागपूरकडे, जालना निजामाकडे, मध्ये जकातनाका. जमादाराने पेटीत काय आहे विचारलं. आमचे वकीलसाहेब सरळ माणूस. त्यांनी सांगितलं, राजे दोन, घोडे चार, हत्ती चार.

जमादाराने पेटी उघडली, पट मांडला आणि वकीलसाहेबांना तिथंच बसवलं. मागे गाड्यांची रांग लागली. तीन डाव हरल्यावर तो म्हणाला, "माल माफ है, वकीलसाब. मगर बदला बाकी है."

*

वकीलसाहेब पुस्तकातून शिकलेले; त्यांचं प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जाई. भाजीचा मळा करणारा गणपत मामाकडून शिकलेला. त्याचं एकच घर. नियमावर एकमत होईना, म्हणून दोघं आपापल्या नियमाने खेळले. गणपत जिंकला. हे कसं झालं, असं वकीलसाहेबांनी विचारलं.

"तुमचे प्यादे पळतात, माहे चालतात," गणपत म्हणाला.

*

गोविंदमास्तर कधीच हरत नसत. एकदा त्यांना सणकून ताप आला, तेव्हा अख्खा क्लब विचारपूस करायला गेला, पट घेऊन. मास्तरांनी पडल्यापडल्या तिघांना हरवलं. चौथा मी. मलाच कणकण वाटू लागली!

*

पुढे एका टूर्नामेंटच्या फायनलला मास्तरांसमोर गणपत आला. नऊ वर्षं तो याच दिवसाची वाट बघत होता. मास्तरांचे पांढरे, गणपतचे काळे. दुपारपर्यंत गणपत एका हत्तीने पुढे. मास्तर हरणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात मास्तरांनी हात पुढे केला आणि गणपतचाच काळा घोडा उचलून चाल केली. त्यांना दिसायला कमी झालं होतं, पण इतकं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पंच असलेले वकीलसाहेब उठू लागले. गणपतने त्यांना हातानेच थांबवलं आणि शांतपणे पांढरं प्यादं सरकवलं.

पुढे बाजी तशीच चालली. जिंकत आलेली बाजू मास्तरांकडे, हरती गणपतकडे. दोन तास तो झुंजला. शेवटी पटावर दोन राजेच उरले, आणि वकीलसाहेबांनी बरोबरी लिहिली.

मास्तर काठी घेऊन उठले. दारात थांबून मागे वळले.

"गणपत, तुहे काळे म्या नीट सांभाळले ना?"